सांध्यातले दप्तर

आर्ट्सच्या मुलीने पेशी आणि जनुके यांविषयी लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या रानात नांगर घालणे, असे आमच्या वर्गातल्या एका मित्राचे मत पडले. त्याचे म्हणणे असे, की इतिहास घेतला आहेस तर शिवकालावर लिही, नाहीतर सरळ एखादी कविता दे. कविता मला येत नाही. आणि सांधे काही फक्त सायन्सवाल्यांनाच दिलेले नाहीत.

खरे कारण वेगळे आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद, मग तो सोसायटीच्या नोटिशीचा असो की दवाखान्याचा, माझ्या हातात दिला जातो. आईच्या कागदावर ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ असे दोन शब्द होते. ते मला वाचता आले, पण वाचता येणे आणि कळणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते ते त्या दिवशी समजले. पोरगी कॉलेजात जाते म्हणजे हिला ठाऊक असणारच, अशा नजरेने सगळे माझ्याकडे पाहत होते. त्यानंतर ग्रंथालयात बसून जे वाचले, सायन्सच्या मैत्रिणींना छळून जे समजून घेतले, ते येथे मांडते आहे.

आपल्याकडे दुखणाऱ्या प्रत्येक सांध्याला ‘वात’ म्हणण्याची पद्धत आहे. म्हातारपणी गुडघे धरतात तोही वात आणि पस्तिशीतल्या बाईची बोटे सुजतात तोही वात. पण हे दोन आजार एक नव्हेत. पहिल्यात मुख्यत्वे झीज असते. दुसऱ्यात दाह असतो, म्हणजे शरीराची संरक्षक फौज आपल्याच सांध्यावर चालून येते. आयुर्वेदाच्या माधवनिदानात ‘आमवात’ नावाने जे वर्णन आहे, ते पुष्कळ वैद्यांना या दुसऱ्या आजाराच्या जवळचे वाटते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड गॅरॉड या डॉक्टरने १८५९ साली त्याला आजचे इंग्रजी नाव दिले. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो. तो दोन्ही हातांना सारखाच धरतो. बोटांची मुळे, मधली पेरे, मनगटे यांवर त्याचा विशेष राग, पण नखाजवळचे शेवटचे पेर तो बहुधा सोडून देतो. सकाळी उठल्यावर तास तास मूठ वळत नाही. हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा रोग, असेही काही जण समजतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली, तेव्हा मोठ्या माणसांत साधारण दोनशेंत एकाला हा आजार आढळला. म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या प्रत्येक गावात अशी दहा-वीस माणसे असणार.

आता सांध्याच्या आत जाऊ. दोन हाडांची टोके जेथे भेटतात तेथे त्यांवर गुळगुळीत कूर्चा असते. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि त्या पिशवीला आतून, कोटाला असते तसे, पातळ अस्तर असते. हे अस्तर निरोगी माणसात जेमतेम दोन-तीन पेशींच्या जाडीचे. त्यात दोन जातीच्या पेशी राहतात. एक जात साफसफाईची, कचरा गिळणारी. दुसरी जात धागे विणणारी आणि सांध्याला लागणारे वंगण तयार करणारी. या दुसऱ्या जातीला मी सोयीसाठी ‘अस्तरपेशी’ म्हणणार आहे, कारण पुढची सगळी कथा तिचीच आहे. आजारात हेच पातळ अस्तर दहा दहा पेशी जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि ते कूर्चेवर पसरत जाऊन तिला कुरतडू लागते. या पसरणाऱ्या थराला डॉक्टर ‘पॅनस’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कापडाचा तुकडा.

वंगण पुरवणारी गरीब पेशी कूर्चा कुरतडायला कशी लागली? तिचे जनुक बिघडले काय? बहुतेकांना असेच वाटते आणि मलाही या प्रश्नाने पुष्कळ दिवस घेरले होते. उत्तर असे, की तिच्या जनुकांतला मजकूर जवळजवळ होता तसाच राहतो. बदलते ते त्यांतले काय वाचले जाते ते.

येथे इतिहासाचा अभ्यास कामी आला. पुण्याचे पेशवे दप्तर आपल्याला ऐकून माहीत आहे. हजारो कागद, रुमालांत बांधून ठेवलेले. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असेच एक दप्तर असते. त्यात प्रथिने कशी घडवायची याच्या सुमारे वीस हजार नोंदी आहेत आणि त्या प्रत्येक नोंदीला जनुक म्हणायचे. नवल हे, की डोळ्याची पेशी, यकृताची पेशी आणि सांध्याची अस्तरपेशी यांच्याकडे दप्तर एकच असते. मूळ कागद दप्तराबाहेर जात नाही. शेतकऱ्याला मूळ नोंदवही देत नाहीत, सातबाऱ्याचा उतारा देतात, तसाच येथेही उतारा निघतो. त्याला आर.एन.ए. म्हणतात. तो केंद्रकाबाहेर येतो आणि त्याबरहुकूम प्रथिन घडवले जाते. कोणत्या नोंदीचे किती उतारे निघाले, यावरून पेशी कोण आहे आणि या घडीला काय करते आहे ते ठरते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. ‘अभिव्यक्ती’ हा शब्द साहित्यशास्त्राच्या तासाला शंभरदा ऐकला होता. तो पेशीलाही लागतो हे पाहून मौज वाटली.

उतारे काढायला कारकून हवा. दाहाच्या कामातला सर्वांत मोठा कारकून १९८६ साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधला. ते वेगळ्याच कामात होते. रक्तातल्या बी-पेशी प्रतिपिंडाचा कप्पा नावाचा भाग कसा घडवतात ते त्यांना पाहायचे होते. म्हणून त्या प्रथिनाला ‘एनएफ-कप्पा-बी’ असे अवघड नाव पडले. प्रथम वाटले, हा फक्त बी-पेशींचा नोकर. त्याच वर्षी त्यांनीच दाखवून दिले, की तो इतर पेशींतही असतो, पण झोपलेला असतो, आणि त्याला उठवायला नवे प्रथिन घडवावे लागत नाही. पुढे कळले, की तो केंद्रकाच्या बाहेर बसून असतो आणि एका पहारेकरी प्रथिनाने त्याला धरून ठेवलेले असते.

जखम झाली, जंतू शिरले की फौजेतल्या पेशी निरोप सोडतात. अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. त्यांत टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही नावे आपल्या कथेपुरती पुरेत. टीएनएफ अस्तरपेशीच्या दाराशी येतो, पण आत जात नाही. तो फक्त कडी वाजवतो. आतल्या आत एकाने दुसऱ्याला सांगावे असे करत तो निरोप पहारेकऱ्यापाशी पोचतो, पहारेकऱ्यावर एक खूण उमटते आणि पेशी स्वतःच त्याचा चुरा करते. मोकळा झालेला कारकून केंद्रकात शिरतो आणि उतारे काढायला बसतो. या सगळ्याला अर्धा तासही पुरतो. आणि आता गंमत पाहा. तो जे उतारे काढतो त्यांत नवा पहारेकरी घडवण्याचाही एक असतो! नवा पहारेकरी तयार होतो आणि कारकुनाला ओढून पुन्हा बाहेर बसवतो. निरोगी शरीरात दाह आपोआप शमतो त्याचे हे एक कारण. संधिवातात कडी वाजायची थांबतच नाही. एक पहारेकरी आला की लगेच दुसरा निरोप येतो.

उतारे कशाकशाचे निघतात? काही नोंदी नव्या निरोप्यांच्या असतात. म्हणजे टीएनएफने जागी केलेली अस्तरपेशी स्वतःच इंटरल्युकिन-६ सोडू लागते, आणखी फौज बोलावते आणि ती फौज पुन्हा टीएनएफ सोडते. एक नोंद कॉक्स-२ ची. त्यातून वेदना वाढवणारे पदार्थ तयार होतात. आपण ज्या वेदनाशामक गोळ्या घेतो, त्यांतल्या पुष्कळ याच ठिकाणी काम करतात. त्या दुखणे थांबवतात, पण बाकीचे उतारे चालूच राहतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एका नोंदीतून हाड खाणाऱ्या पेशींना जागवणारे प्रथिन निघते. आणि एमएमपी नावाच्या कात्र्यांच्या काही नोंदी असतात. कूर्चेचे मजबूत कोलॅजन धागे या कात्र्या कापतात. एरवी यांतले काही उतारे अल्पायुषी असतात, लिहिले की थोड्या वेळात विरून जातात. दाहाचे संदेश त्यांचे आयुष्यही वाढवतात. उतारे जास्त आणि टिकतातही जास्त, अशी दुहेरी पंचाईत.

या कात्र्यांचा शोध कसा लागला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. बेडकाचे पिल्लू मोठे होताना त्याचे शेपूट नाहीसे होते. ते गळून पडत नाही, जागच्या जागी विरते. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी त्या शेपटाचे तुकडे कोलॅजनवर ठेवून पाहिले, तर कोलॅजन विरघळले. कोलॅजन कापणारे प्रथिन असे हाती लागले. बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत लहान होते तेव्हा अशाच कात्र्या चालतात आणि जखम भरतानाही त्या लागतात. म्हणून मला ‘वाईट जनुक’ हा शब्दप्रयोग आवडत नाही. ही नोंद नसती तर बेडकाचा बेडूक झाला नसता. आईच्या बोटांत ती भलत्या वेळी आणि भलत्या ठिकाणी वाचली जाते आहे, एवढेच.

निरोप सांध्यातच राहत नाहीत. इंटरल्युकिन-६ रक्तातून यकृतात पोचते आणि तेथल्या पेशींचे दप्तर उघडायला लावते. यकृत जी प्रथिने सोडू लागते त्यांतल्या एकाचे नाव सी.आर.पी. रक्ताच्या अहवालावर हा आकडा पुष्कळांनी पाहिला असेल. बोटे सुजली असताना यकृताचे प्रथिन का मोजतात, याचे कोडे मला असे सुटले. यकृत आणखी एक प्रथिन सोडते, ते शरीरातले लोह अडवून ठेवते. त्यामुळे या रुग्णांना रक्त कमी असल्याचा थकवा येतो. पहाटेच्या सुमारास या आजारात इंटरल्युकिन-६ चे प्रमाण चढते, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे भाकऱ्या थापायच्या असतात. ‘सकाळी सकाळी हिला बरी दुखणी सुचतात’ असे आमच्या भावकीतल्या एका काकूंनी बोलून दाखवले होते. ज्यांना हे शास्त्र ठाऊक नाही त्यांना असे वाटणे साहजिक आहे, असे म्हणून मी सोडून देते. आईला मात्र ते फार लागले.

आता लंडनकडे वळू. १९८० नंतरच्या दशकात असे डझनभर निरोपे सापडले आणि शास्त्रज्ञ गोंधळले. एकाला अडवून काय उपयोग, दुसरा त्याची जागा घेईल, असे बहुतेकांचे मत होते. केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या. त्या भांड्यात टीएनएफला धरून ठेवणारे प्रतिपिंड घातले, तर इंटरल्युकिन-१ चे उत्पादनही उतरले. हे १९८९ साल. म्हणजे निरोप्यांच्या त्या गर्दीत एक म्होरक्या होता. दोन वर्षांनी ग्रीसमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने मानवी टीएनएफ भरमसाट निर्माण होईल असे उंदीर तयार केले, तर त्या उंदरांना संधिवात झाला. १९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांना ते प्रतिपिंड टोचून पाहिले आणि सूज उतरली. २००३ साली फेल्डमन आणि मैनी यांना लास्कर पारितोषिक मिळाले.

पण म्होरक्याला बांधले की त्याची चांगली कामेही थांबतात. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात वर्षानुवर्षे कोंडून पडलेले असतात, आणि त्यांच्याभोवतीची भिंत टिकवायला टीएनएफ लागतो. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांचा जुना क्षय उसळल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात तर ती फारच महत्त्वाची.

अशी इंजेक्शने महाग, आणि आमच्यासारख्यांना परवडणारी नव्हेत. आईचे पहिले औषध होते बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या पुड्या. त्यांवर ना नाव ना गाव. चार दिवसांत ती उड्या मारायला लागली. सहा महिन्यांनी चेहरा सुजून गोल झाला, तेव्हा डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, की या पुड्यांत स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड काही मुळात वाईट औषध नव्हे. फिलिप हेंच यांनी १९४८ साली अमेरिकेत कॉर्टिसोन प्रथम संधिवाताच्या रुग्णाला दिले आणि १९५० साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन पेशीत शिरते, एका प्रथिनाचा हात धरून थेट दप्तरात जाते आणि आपल्या कारकुनाला काम करू देत नाही. म्हणून त्याचा गुण इतक्या झटपट दिसतो. पण असेच दप्तर शरीरातल्या प्रत्येक पेशीत आहे. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि शरीर स्वतःचे कॉर्टिसोन बनवणे सोडून देते. त्यामुळे पुड्या एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांनी आईला मोजून-मापून हळूहळू त्यांतून बाहेर काढले. मापून दिलेले स्टेरॉइड आणि बेनाव पुडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता तिला मेथोट्रेक्सेटची गोळी आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर विष ठरते. सूज उतरली, मूठ वळू लागली, तेव्हा आई म्हणाली, “आता दुकत न्हाई, मग गोळी कशापायी?” या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मला दप्तराच्या रुमालांपर्यंत जावे लागले.

पेशीतला डी.एन.ए. सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो एवढ्याशा केंद्रकात मावतो, कारण तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. काही रुमाल घट्ट बांधलेले, काही सैल. घट्ट रुमालातली नोंद कारकुनाला वाचता येत नाही. शिवाय काही कागदांवर मिथिल नावाचे बारीक शिक्के असतात, ते बहुधा ‘हे उघडू नये’ असे सांगतात. मजकूर तोच, पण शिक्के आणि गाठी यांमुळे वाचन बदलते. संधिवाताच्या रुग्णाच्या अस्तरपेशींवर हे शिक्के एकंदरीत कमी झालेले असतात, असे २००९ साली झुरिचच्या संशोधकांनी दाखवले. टीएनएफ फार काळ वाजत राहिला की दाहाच्या नोंदींचे रुमाल सैल होतात आणि सैलच राहतात.

याचा पडताळा १९९६ सालच्या एका प्रयोगात आला होता. रुग्णाच्या अस्तरपेशी आणि निरोगी माणसाच्या कूर्चेचा तुकडा, दोन्ही एकत्र एका अशा उंदरात ठेवले, ज्याच्या शरीरात संरक्षक फौजच नव्हती. म्हणजे निरोप पाठवणारे कोणी नाही. तरी त्या पेशी कूर्चेत घुसल्या. फौज निघून गेली तरी शिकवलेले त्या विसरल्या नव्हत्या. २०२१ साली आणखी एक गोष्ट दाखवली गेली. एकदा सुजून बरा झालेला सांधा दुसऱ्या वेळी थोड्याशा कारणानेही अधिक सुजतो, कारण त्याच्या अस्तरपेशी आधीच तयारीत बसलेल्या असतात. आई म्हणते, “फिरून फिरून त्याच बोटावर येतंय.” हे तिचे निरीक्षण प्रयोगशाळेच्या आधीचे आहे.

तेव्हा दुखणे थांबले याचा अर्थ कडी वाजायची थांबली एवढाच, सगळे रुमाल बांधून झाले असा नव्हे. गोळी सोडल्यावर पुष्कळांचा आजार उलटतो. आणि म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो. मी हे आईला सातबाऱ्याच्या भाषेत समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग ते रुमाल बांधायचं औषध न्हाई का?”

त्याचा शोध चालू आहे, पण नुसत्या अस्तरपेशींवर काम करून त्यांना विसरायला लावेल असे औषध दवाखान्यापर्यंत आलेले नाही. २०१२ पासून निरोप आतल्या वाटेतच अडवणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत, पण त्याही निरोपच अडवतात. दरम्यान २०१७ साली झुरिचहून एक वेगळीच बातमी आली. हाताच्या सांध्यातल्या अस्तरपेशी आणि गुडघ्यातल्या अस्तरपेशी सारख्या नसतात. गर्भात असताना कोणता अवयव कोठे उगवायचा हे ठरवणारी हॉक्स नावाची जनुके असतात, आणि मोठेपणीही बोटातली पेशी त्यांतली आपल्या जागेची तेवढी वाचत असते, गुडघ्यातली आपल्या जागेची. तोच निरोप आला तरी दोघी त्याला वेगवेगळे उत्तर देतात. हा आजार बोटांची मुळे धरतो आणि शेवटचे पेर का सोडतो, या प्रश्नाचा धागा कदाचित येथे सापडेल, असे तेथील संशोधक म्हणतात.